शेडच्या कोपऱ्यातली स्प्रिंग

साताऱ्यात ऊन तापायला लागलं, की माझ्या दुकानात लग्नसराईचे ब्लाउज येऊन पडतात आणि त्याच सुमाराला तासगावहून आईचा फोन येतो. 'आक्का, माल रॅकवर चढलाय. कवा येतीस?' एवढंच विचारते. मी 'येते की' म्हणते आणि शिलाई मशीनच्या पायट्यावरचा पाय काढून घेते. मनात जो प्रश्न येतो तो तिला कधीच विचारत नाही. तारा अजून धरून आहेत का?

बेदाण्याचा हंगाम म्हटलं की बाहेरच्यांना गोड काहीतरी आठवत असेल. मला आमच्या शेडचा एक कोपरा आठवतो. त्या कोपऱ्यात, कोब्यावर, एका गाडीची जाडजूड लोखंडी स्प्रिंग दाबून, द्राक्षबागेच्या तारेनं आवळून ठेवलेली आहे. बरीच वर्षं झाली. ती सुटली तर समोर असेल त्याचं काय होईल, याचा नमुना आम्ही सगळ्यांनी एकदा बघितला आहे. आणि त्या स्प्रिंगपासून हातभर अंतरावर पोत्यावर बसून माझी आई बेदाणा निवडते.

यंदाही एसटीतून उतरले तो आधी वासच आला. द्राक्षं सुकवण्याआधी बुडवतात त्या डिपिंगच्या तेलाचा चिकट वास, त्याच्यावर गंधकाचा. हा गंधक मोठा लबाड असतो. आधी नाकात जातो, मग घशात, आणि मग दोन-चार दिवस तुमच्या पदरातच राहायला येतो. आमच्याकडे रॅकवरचा माल सुकत आला की प्लास्टिकचा कागद चहूबाजूंनी लपेटून गंधकाची धुरी देतात. मण्याला पिवळा रंग चढतो, बाजारात उठाव मिळतो. लहानपणी आम्हांला त्या वासाचं काही वाटत नसे. सन्मती तर मुद्दाम कागदाला नाक लावून उभा राहायचा आणि शिंकत माझ्या अंगावर धावून यायचा.

सन्मती माझा धाकटा भाऊ. आमचं घर जैन, बाग आजोबांपासूनची, आणि घरातल्या प्रत्येकाला कशाचा ना कशाचा नियम. सन्मतीला एकच नियम होता, स्वस्थ बसायचं नाही. अशाच एका हंगामात, माल रॅकवर असताना, तो ती गाडी घेऊन आला. निळी, दोन दारांची, पुण्यातल्या कुणीतरी हौसेनं वापरून, कंटाळून विकलेली. आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "झ्याक हाय. ह्यात क्रेट किती बसत्यात?"

मुळात ती गाडी इतकी खाली होती, की आई एकदा हौसेनं आत बसली तर तिला बाहेर काढायला दोघं लागले. तरी याचं समाधान नाही. म्हणे, ती अजून खाली बसवायची. त्यासाठी कुठूनतरी आखूड स्प्रिंगा मागवलेल्या. जुन्या काढायच्या, नव्या घालायच्या, की गाडी चार बोटं खाली येऊन रस्त्याला लागते.

"अजून खाली?" आण्णा म्हणाले. "मातीत पुरायची हाय का रं?"

"आण्णा, खाली बसली की वळणाला रस्त्याला चिकटून ऱ्हाती. उडत न्हाई."

"उडायची कशाला मग एवढी?"

सगळे हसलो. मीही हसले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन साताऱ्याला गेले होते आणि हंगामासाठी माहेरी आले होते. माहेरी आलेल्या मुलीला सगळ्यावरच हसू येतं.

सांगलीतल्या मेस्त्रीनं गाडी ठेवून जा, आठवड्यानं या असं सांगितलं होतं. आठवडा म्हणजे सन्मतीच्या हिशेबात जन्म. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि घरीच करायचं ठरवलं. जोडीला दत्ताला बोलावलं. दत्ता म्हसवडचा, कॉलेजपासूनचा त्याचा मित्र, तेव्हा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपला होता आणि रजेवर आला होता. जॅक लावायला पक्की जमीन हवी म्हणून दोघांनी शेडचा कोपरा धरला, कारण कोबा तेवढाच. रॅकवर माल सुकत होता, मधमाश्या फिरत होत्या, निवडणाऱ्या बायका मान वळवून वळवून बघत होत्या.

अडचण एकच होती. गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा एका दांड्यावर दाबून बसवलेल्या असतात. दाबून धरल्याशिवाय त्या बाहेर काढता येत नाहीत. दाबून धरायचं त्यांचं म्हणून एक अवजार असतं. ते यांच्याकडे नव्हतं.

आता इथं आमच्या भागाविषयी थोडं सांगायला हवं. तासगावच्या माणसाचा देवाखालोखाल कशावर भरवसा असेल तर तो बागेच्या तारेवर. अख्खी द्राक्षबाग तारेवर टांगलेली असते. वेल, पानं, घड, वारा, वर चढून घड झाकणारं माणूस, सगळं ती पेलते आणि वाकत नाही. आमच्याकडे तुटलेला पलंग तारेनं बांधतात, ट्रॉलीचं फळकूट तारेनं बांधतात, शाळेच्या दप्तराचा बंदसुद्धा आण्णांनी मला तारेनं बांधून दिला होता. तेव्हा सन्मतीनं शेडच्या खांबाला टांगलेलं तारेचं भेंडोळं काढलं, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

"गड्या, हिला जमंल का?" दत्तानं विचारलं. "आमच्याकडं असलं चालत न्हाई. उस्ताद कोर्ट मार्शल करंल."

"एक एकर बाग पेलती रं ही," सन्मती म्हणाला. "एक स्प्रिंग पेलायची न्हाई व्हय?"

आण्णा तिथंच उभे होते. त्यांनी मान हलवली. त्यांचीच तार होती, त्यांच्या हातानं ताणलेली. बाग शांतपणे लोंबकळते आणि स्प्रिंग सारखी बाहेर यायला धडपडते, हा फरक त्या दिवशी त्या शेडमध्ये कुणाच्याच लक्षात आला नाही.

जॅक खाली, शेडची लोखंडी तुळई वर, आणि मधे दांड्यासकट उतरवलेली स्प्रिंग. दत्ता जॅकचा दांडा हाणत गेला तशी तिची वेटोळी एकमेकांजवळ आली. सन्मतीनं जागोजागी तार फिरवली आणि पकडीनं पीळ देऊन आवळली. पीळ देताना तो जीभ बाहेर काढायचा, लहानपणी चित्र रंगवताना काढायचा तशी. मी म्हटलं, "गाठ बघू दे. नीट आली का?" तर म्हणाला, "आक्का, तू आपलं फॉल-पिको बघ." दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा अशाच बांधून काढल्या. नव्या आखूड स्प्रिंगा निमूट आत गेल्या. गाडी खाली घेतली तेव्हा ती खरंच रस्त्याला लागल्यासारखी बसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काम झालं होतं. राहिल्या होत्या फक्त जुन्या, बांधलेल्या दोन स्प्रिंगा, ज्यांचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.

"सोडून ठिवू," सन्मती म्हणाला, आणि पहिलीची एक तार पकडीनं कापली.

एकच कापली होती. बाकीच्या तिच्या तिनंच तोडल्या. आवाज कसा होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही, कारण तो ऐकू येण्याआधी छातीत लागला. वर बघितलं तर पत्र्याला भोक पडलं होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. स्प्रिंग कुठंतरी बागेत जाऊन पडली. सन्मती तसाच उकिडवा बसलेला. त्याच्या कानाच्या पाळीतून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. त्यानं कानाला हात लावला, बोटं बघितली आणि तो हसला. दत्ता हसला नाही.

तेवढ्यात घरातून आईची हाक आली. "दिवस बुडाय लागलाय. जेवून घ्या आधी!"

आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. हाक आली की हातातलं काम जिथल्या तिथं ठेवून उठायचं, हे अंगवळणी पडलेलं. दुसरी स्प्रिंग कोपऱ्यात बांधलेलीच होती. दत्तानं पायाच्या टोकानं ती भिंतीकडे सरकवली आणि म्हणाला, "ही उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दत्ताला तातडीचा फोन आला, रजा रद्द झाली, तो गेला. त्याच संध्याकाळी शेडमध्ये गंधक पेटवला.

गंधक तारेला खातो. हे आण्णांना माहीत नव्हतं असं नाही. बागायतदाराच्या पोराला चालता येण्याआधी हे कळतं. म्हणून तर हंगामात धुरीच्या आधी तारेची भेंडोळी खांबावरून काढून घरात नेतात. त्याही वर्षी नेली. कोपऱ्यातल्या स्प्रिंगला गुंडाळलेली तीही तारच आहे, हे तेवढं राहून गेलं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं. तारेवर पांढरी भुकटी धरली होती. बोट लावायला गेले आणि बोट मागे घेतलं. त्या दिवसापासून ते बोट मागेच आहे.

कानाला हळद लावून आईनं सन्मतीला देवळात नेलं होतं. ती रडली नव्हती. पण कान थोडा इकडं असता तर, हे तिच्या डोक्यातून जाईना. देवासमोर उभं करून तिनं त्याला नियम घ्यायला लावला. दिवस बुडल्यावर तोंडात घास घालायचा नाही. तोवर घरात तोच एक चुकार होता, सांगलीत मित्रांबरोबर रात्री भेळ खाऊन यायचा. त्यानं हसत हात जोडले. मग आई म्हणाली, "आणि तुझं झाल्याबिगर मी बी ताटावर बसायची न्हाई."

यातलं पहिलं वाक्य त्यानं सहज घेतलं. दुसरं वाक्य त्याला लागलं. स्वतः उपाशी राहणं त्याला जड नव्हतं, आई उपाशी राहील हे त्याला सोसत नव्हतं. त्यानंतर ऊन कलायला लागलं की तो जिथं असेल तिथून निघायचा. निळी गाडी फाट्यावरून वळायची, तो आवाज ऐकून आई ताट वाढायला घ्यायची. आम्हांला त्याचं कौतुक वाटायचं. पोरगा सुधारला म्हणायचो. गाडीचा आवाज आला की मी शेडमधून ओरडायचे, "आई, सूर्यनारायण आले तुझे!" आणि ती लटक्या रागानं माझ्यावर उलथनं उगारायची.

आण्णा एकदाच बोलले. ऊस कारखान्याला जात होता, रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ. ते आमच्याच ट्रॅक्टरवरून उतरून आले आणि दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "सन्मा, मघाशी तू माझ्या बाजूनं गेलास व्हय?"

"व्हय की. हात केला मी."

"मला दिसला न्हाईस रं तू. ट्रॅक्टरवर बसलं की ती गाडी दिसतच न्हाई."

तो 'बरं बरं' म्हणाला आणि हात धुवायला गेला. मी तेव्हा चूल आवरत होते. त्या वाक्यानं माझ्या हातातली राख सांडली, असं काही झालं नाही. काहीही झालं नाही. म्हणूनच ते वाक्य मला इतकं स्पष्ट ऐकू येतं.

त्याच हंगामाच्या अखेरीस एक दिवस सन्मती सांगलीला बेदाण्याच्या सौद्याला गेला होता. सौदे लांबले. त्यानं फोन केला, "आई, ताट वाढ. आलोच." रस्त्याच्या कडेनं उसाचा फड उभा होता, आणि फडातल्या पाणंदीतून भरलेल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा आला. ट्रॅक्टरवाल्यानं दोन्हीकडे बघितलं होतं. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "रस्ता मोकळा होता हो. देवाशप्पथ मोकळा दिसला मला." तो खोटं बोलत नव्हता. गाडी ट्रॉलीखाली गेली. याच्यापुढचं मला लिहायचं नाही.

दिवस बुडाला तेव्हा आईनं वाढलेल्या ताटावर दुसरं ताट झाकलं. आम्हांला तोवर कळलेलं नव्हतं. "आज दोघं बी उपाशी," असं ती थोडी चिडून म्हणाल्याचं मला आठवतं.

त्यानंतर आई दिवसातून एकदाच जेवते, दुपारी. या सगळ्याबद्दल ती माझ्यापाशी एकदाच बोलली, कपड्यांच्या घड्या घालता घालता. "मी पळत ये म्हणाले न्हवते गं. ऱ्हायला असता की एक दिस उपाशी. मी बी ऱ्हायले असते." मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं माझ्या हातात चादरीचं दुसरं टोक दिलं. "धर. नीट धर," म्हणाली. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की चादर दोनदा सुटली.

गाडी भंगारात गेली. नव्या आखूड स्प्रिंगा तिच्याबरोबरच गेल्या. राहिली ती ही जुनी, कोपऱ्यातली. त्यानंतरच्या पहिल्या हंगामात आण्णा लांब बांबू घेऊन ती बाहेर ढकलायला गेले तर आई मध्ये जाऊन बसली. "त्याच्या हातच्या गाठी हायत. मी हाय तवर कुणी हात लावायचा न्हाई." आण्णांनी बांबू खाली ठेवला. पुढच्या हंगामात त्यांनी कामाच्या बायकांची बैठक शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली. आईचं पोतं तिथंच राहिलं. मला तर दर वर्षी ते कोपऱ्याच्या थोडं अजून जवळ गेल्यासारखं वाटतं. मी विचारलं तर म्हणते, हितं उजेड चांगला येतोय. ते खोटं नाही. पत्र्याचं भोक कुणी बुजवलेलं नाही. त्यातून उन्हाचा एक कवडसा येतो, सकाळी रॅकवर असतो, दुपारनंतर उतरत उतरत आईच्या मांडीवर येतो. रॅकवरच्या ज्या मण्यांवर तो पडतो ते सावलीत सुकत नाहीत, काळे पडतात. ते आई वेगळे काढते.

दर हंगामाला धुरी. दर हंगामाला तारेची भुकटी गळते, खालचं लोखंड तांबडं पडतं, तार बारीक होते. दोऱ्याचा धंदा करणारी बाई आहे मी. ताणलेल्या दोऱ्याचा एक पदर तुटला की बाकीच्यांवर काय येतं ते माझ्या बोटांना कळतं. मागच्या वर्षी एक वेढा तुटून बाजूला उभा राहिलेला दिसला. कधी तुटला कुणालाच माहीत नाही. आई शेजारीच बसलेली असणार. यंदा आले तर आणखी एक.

मी न राहवून दत्ताला फोन केला. तो आता फौजेतून परत आलाय, फलटणला त्याचं गॅरेज आहे. तो स्प्रिंग दाबायचं खरंखुरं अवजार घेऊन आला. त्या दिवशी हे असतं तर, असं आमच्यातलं कुणी म्हणालं नाही. तो लांबूनच वाकून बघत राहिला, मग गुडघे झाडत उठला.

"आक्का, हुकं घालाय जागाच न्हाई. वेटोळी पार चिकटल्यात. आणि त्या तारा आता तारा न्हाईत. हात लावला की गेल्याच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सकाळी साखळी आणतो आन् वाळूची पोती. आधी चारी बाजूनं पोती लावू, मग साखळी गुंडाळू. पर काकूंना तितनं उठवा."

आई खाली मान घालून निवडत होती. ती ऐकत होती हे मला माहीत होतं.

"आई, ऐकलंस न्हवं? उद्या दत्ता साखळी लावतो म्हणतोय."

"लावू दे की."

इतकी सहज ती 'हो' म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तिनं कवडशाकडे बघितलं, तो तिच्या मांडीवरून उतरून भिंतीवर चढला होता, आणि म्हणाली, "दिवस बुडाय लागलाय. जावा, जेवून घ्या आधी. दत्ता, तू बी."

तीच हाक. दत्तानं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"तू चल की घरात," मी म्हटलं. "बसायला तरी चल."

"मला काय जेवायचंय? एवढी पाटी उरकते."

मी तिचा दंड धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला. ओढायचं धाडस मला झालं नाही. तिचा पाय त्या कोपऱ्यापासून किती जवळ होता ते दिसत होतं आणि मला तिथं कसलाही धक्का नको होता. आण्णा दारातून म्हणाले, "आक्का, ये. ती ऐकायची न्हाई."

आम्ही सोप्यात ताटावर बसलो. समोर अंगण, अंगणापलीकडे शेडचं दार. आई दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. ती काळा मणी उचलून स्टीलच्या ताटलीत टाकते, त्याचा बारीक आवाज होतो. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. त्या आवाजाला धरून मी भाकरी मोडत होते. आमटी चांगली झालीय असं दत्ता म्हणाला.

मग तो आवाज थांबला.

मी घास तसाच धरला. दत्ता ताटावरून अर्धा उठला. आण्णा हलले नाहीत. त्यांचा हात ताटात जिथं होता तिथंच थांबलेला, मान किंचित शेडकडे वळलेली आणि डोळे मिटलेले. त्यांना घाबरताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि हे घाबरणंही नव्हतं. हे सवयीचं होतं. मी साताऱ्याहून वर्षातून एकदा येऊन काळजी करते. हा माणूस हंगामातल्या प्रत्येक संध्याकाळी असाच जेवत आला आहे, हे मला तेव्हा कळलं.

अंगणात उजेड सरत होता.

टक.

आण्णांनी डोळे उघडले. माझ्या ताटात भाताची मूद वाढली, तिच्यावर आमटी ओतली.

"जेव," ते म्हणाले. "दिवस हाय तवर जेव."